दोन टेबलं, एक खिडकी

६ जानेवारी

आत्या,

१. चार वर्षं सात महिन्यांपूर्वी, दहा जूनला, माझ्या हातात दोन नोकऱ्या होत्या. एक तुझ्या कार्यालयातली, जिच्यासाठी तू मोठ्या साहेबांकडे चार वेळा गेली होतीस. दुसरी इथली, मोजमापाच्या प्रयोगशाळेतली.

२. अकरा जूनला मी इथली घेतली. तुला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं, आणि तुला सांगू नका असंही सांगितलं.

३. बारा जूनला, तू कामावर असताना, मी कपाटावरची पत्र्याची नळी खाली काढली, आपला आराखडा टेबलावर पसरला आणि विसाव्या वर्षाच्या ओळीतला एक शब्द ब्लेडने खरवडला.

४. त्या जागी दुसरा शब्द लिहिला.

५. तेरा जूनला सकाळी सव्वासातच्या बसने मी निघाले. तू निरोप द्यायला आली नाहीस.

६. जुलैत कधीतरी तू आराखडा उघडलास. हे मला बाबांकडून कळलं. त्यानंतर तुझ्याकडून काही आलं नाही. माझ्याकडूनही गेलं नाही.

घडलं ते एवढंच. ड्रॉईंगवर मत लिहायचं नसतं, माप लिहायचं असतं, असं तू म्हणायचीस. म्हणून मत लिहिलेलं नाही.

आता पत्र का, ते सांगते. आमच्या कंपनीने सगळ्यांकडून दहा वर्षांचा 'प्रगती आराखडा' मागवला आहे. संगणकावर फॉर्म आहे. पहिलाच प्रश्न : दहा वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? खाली उत्तरांची यादी येते, त्यातलं एक निवडायचं. मी तीन दिवस तो फॉर्म उघडून बंद करते आहे. मनुष्यबळ विभागातली बाई काल येऊन म्हणाली, "अगं, किती विचार करतेस? टाक काहीतरी. वाचतंय कोण?"

मला तुझा आवाज ऐकू आला. "वाचणार नसतील तर काढायला कशाला सांगतात?"

मी आयुष्यात एकच आराखडा केला आहे आणि तो तुझ्याकडे आहे. फॉर्म भरायच्या आधी मला त्यातल्या तारखा तपासून हव्या आहेत. पंधराव्या ते अठराव्या वर्षाच्या ओळी उतरवून पाठवल्यास तर बरं होईल. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बाबा म्हणाले, निवृत्त झाल्यापासून तू लाल पेन्सिल घेऊन वर्तमानपत्रातल्या चुका काढतेस. "माझ्या वाणसामानाच्या यादीलासुद्धा 'दुरुस्त करा' म्हणून परत पाठवते," म्हणाले. त्यांच्या आवाजावरून तक्रार वाटली नाही.

— तुझी भाची


२४ जानेवारी

आत्या,

पत्र परत मिळालं. माझंच पत्र, माझ्याच पाकिटातून. पाकीट उसवून, उलटं करून, पुन्हा डिंकाने चिकटवलेलं. कागद वाया घालवायचा नाही ही सवय अजून आहे, हे बघून घेतलं.

तुझ्या लाल खुणा जशा वाचल्या तशा लिहिते, म्हणजे वाचण्यात चूक असेल तर कळेल.

कलम ३ : 'एक शब्द' याभोवती गोल. बाजूला : *खरवडलेली जागा एक. लिहिलेल्या जागा तीन.*

कलम ४ : 'लिहिला' याखाली रेघ. बाजूला : *कोणाच्या अक्षरात?*

कलम ५ : पूर्ण खोडलेलं. बाजूला : *चूक. फलाट ४. पाण्याच्या टाकीमागे.*

शेवटी, डाव्या हाताच्या त्या उलट्या झुकत्या अक्षरात : *तपासले. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.*

ज्या ओळी मी मागितल्या होत्या त्या पाठवलेल्या नाहीत.

कलम ५ बद्दल मला माहिती नव्हती. बस सुटेपर्यंत मी तीन नंबरच्या फलाटाकडे बघत होते, कारण आपल्या घराकडून येणारी माणसं तिकडून येतात. मी दुसरीकडे बघितलं नाही. दुरुस्ती मान्य.

कलम ३ आणि ४ नीट लिहायचं तर मागून सुरुवात करावी लागेल.

मी बारा वर्षांची होते. शाळेत 'मी मोठेपणी कोण होणार' यावर निबंध होता आणि मी एकच वाक्य लिहिलं होतं : 'अजून ठरवलेलं नाही.' बाईंनी घरी बोलावणं धाडलं. आई दवाखान्यात कामाच्या पाळीवर, बाबा बसच्या फेरीवर. तू गेलीस. बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे पण उद्धट आहे. तू म्हणालीस, "उद्धट नाही हो, खरं बोलतेय. ठरवलं नाही तर काढून देऊ. ड्रॉईंगशिवाय साधा नट तरी बनतो का?"

त्या मार्चमध्ये मालमोजणीच्या दिवशी तू मला कार्यालयात घेऊन गेलीस. वर्षातून एक दिवस तुमच्या ड्रॉईंगच्या दालनात काम बंद असायचं. अकरा बोर्ड उभे, त्यांवरचे कागद काढलेले, माणसं खाली गोदामात खिळे मोजायला गेलेली. प्रिंटच्या खोलीतून अमोनियाचा वास यायचा. पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर तू म्हणालीस, "रडून घे, फुकट आहे. सर्दी असेल तर तीही जाईल." दालनाचे प्रमुख पट्टीसाहेब तेवढे आपल्या जागेवर होते. ते चष्म्यावरून बघून म्हणाले, "डावखुऱ्या बाई, भाचीला नोकरीला लावताय का?" तू म्हणालीस, "नाही साहेब, भाची मला लावणार आहे. वीस वर्षांनी."

तू पूर्ण मोठ्या आकाराचा ट्रेसिंगचा कागद बोर्डवर ताणून लावलास. वीस ओळी आखल्यास. दोन रकाने : *तू* आणि *मी*. खाली उजव्या कोपऱ्यात रिव्हिजनचा तक्ता, बदल, कारण, तारीख आणि दोन सह्यांचे चौकोन. मला म्हणालीस, "नियम एकच. खोडायचं नाही, खरवडायचं नाही. बदल करायचा तर रेघ मारून बाजूला लिहायचं, कारण द्यायचं आणि दोघींनी सही करायची. एकटीच्या सहीने काहीही बदलत नाही. माझ्याही नाही."

मग तू सर्वांत खालची ओळ आधी लिहिलीस.

डावखुरी असल्यामुळे डावीकडून लिहिलं तर शाई तुझ्या हाताने फासायची. म्हणून तू ओळ उजव्या टोकाकडून सुरू करायचीस, शेवटचं अक्षर आधी, शिरोरेषासुद्धा उजवीकडून डावीकडे. दालनातले लोक हसायचे आणि तुझ्याइतकं स्वच्छ ट्रेसिंग त्यातल्या एकाचंही नव्हतं. मला वाटलं आराखडासुद्धा तू त्याच कारणाने खालून सुरू केलास. मी विचारलं तर म्हणालीस, "शेवट माहीत असेल तर मधलं सगळं मावतं. पहिल्यापासून लिहीत गेलं की कागद संपतो."

विसावी ओळ, दोन्ही रकाने जोडून : *स्वतःचं कार्यालय. दोन टेबलं, एक खिडकी.*

एकच का, असं मी विचारलं. तू मला बोर्डच्या एका बाजूला उभं केलंस आणि स्वतः समोर उभी राहून दाखवलंस. मी उजवी, मला उजेड डावीकडून हवा. तू डावी, तुला उजवीकडून. समोरासमोर बसलो तर एकाच खिडकीचा उजेड दोघींच्या हातांवर सरळ पडतो, सावली कोणाच्याच कामावर पडत नाही. "दोन उजव्या माणसांना हे जमणार नाही," तू म्हणालीस. "एकीला तरी पाठ करून बसावं लागेल." एवढ्या सोप्या गोष्टीवर मी किती हसले होते ते मला आठवतं.

आता दुरुस्ती.

कलम ३, सुधारित. बारा जूनला मी 'दोन टेबलं' हे खरवडलं. ब्लेड तिरकं धरून, एका दिशेने, तू शिकवलंस तसं. मग खरवडलेली जागा नखाने घोटून गुळगुळीत केली, शाई फुटू नये म्हणून. तेही तूच शिकवलेलं. त्या जागी 'एक टेबल' लिहिलं. मग रिव्हिजनच्या तक्त्यात बारावी नोंद केली. कारणाच्या चौकोनात लिहिलं : *दुसऱ्या टेबलाची आवश्यकता नाही.* आणि दोन्ही सह्या केल्या. तुझीसुद्धा. लिहिलेल्या जागा तीन. बरोबर.

कलम ४, सुधारित. तुझ्या अक्षरात. तेरा वर्षं तुझ्या शेजारी बसून गिरवलेलं अक्षर होतं, मला ते माझ्या अक्षरापेक्षा सोपं जातं. पण शिरोरेषा मी सवयीने डावीकडून उजवीकडे काढली. पेन उचलताना टोकाला जो बारीक ठिपका राहतो तो तुझ्या ओळीत डावीकडे असतो. माझ्यात उजवीकडे राहिला. कागद उजेडात धरल्यावर तुला ते दिसलं असणार.

कारण : मी निघायच्या आदल्या रात्री नाही, पुष्कळ आधी, सगळा रिव्हिजनचा तक्ता वाचून काढला होता. अकरा नोंदी. त्यातल्या नऊ तुझ्या रकान्यातल्या. चेकरची, म्हणजे ड्रॉईंग तपासणाऱ्याची, परीक्षा तिसऱ्या वर्षी होती, ती पाचव्यावर गेली. कारण : तिची कावीळ. पाचव्याची सातव्यावर. कारण : तिची शाळा बदलली. विभागप्रमुखाची जागा दुसऱ्या गावी होती, ती सोडली. कारण : तिचं कॉलेज. तूच मला शिकवलंस की प्रत्येक माप एका पक्क्या रेषेवरून घ्यावं. एका मापावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं असं घेत गेलं की प्रत्येकाची बारीक चूक पुढच्यात जमा होते आणि शेवटचं भोक जागेवर येत नाही. तुझ्या रकान्यातलं एकही माप स्वतःचं नव्हतं. सगळी माझ्यावरून घेतलेली होती. तुला त्यातून मोकळं करायचं म्हणून मी दुसरं टेबल काढलं.

दुरुस्त करून सादर करते आहे.

— भाची


११ फेब्रुवारी

आत्या,

पत्र परत आलं. पाकीट आता दुसऱ्यांदा उलटलेलं, म्हणजे बाहेरची बाजू पुन्हा माझीच आहे. पोस्टमनने विचारलं, "ताई, हे पत्र नक्की कुठे जायचंय? येतंय का जातंय?"

दोनच लाल खुणा आहेत.

'तिची कावीळ' याखाली रेघ. बाजूला : *परीक्षेला बसले होते. नापास. पुढच्या वर्षीही. कावीळ सोयीची होती.*

आणि माझ्या 'कारण' या परिच्छेदाशेजारी उभी रेघ, वरपासून खालपर्यंत : *अपूर्ण.*

पहिल्या खुणेवर मी बराच वेळ अडले होते. मला आठवतं ते असं : मी खाटेवर, तू शेजारच्या खुर्चीवर वही घेऊन, मला पाणी दे, औषध दे आणि मध्येच आकडेमोड. मी विचारलं, परीक्षा कधी, तर म्हणालीस, "पुढच्या वर्षी देऊ गं, पळून जातेय का?" त्या आठवड्यात एक दिवस तू नवी साडी नेसून, पेनात शाई भरून गेली होतीस आणि दुपारीच परत आली होतीस. मी विचारलं नाही. आलीस तशी माझ्या उशाशी बसून पेन्सिलींना टोकं करत बसलीस. सात पेन्सिली. सगळ्यांना टोकं आधीच होती.

म्हणजे तक्त्यातली कारणं तूही खोटी लिहिलीस. आणि मी त्याखाली सह्या केल्या, बाराव्या वर्षापासून, अभिमानाने. मला वाटायचं माझ्यामुळे तू थांबलीस. हे ओझं मी इथपर्यंत वाहून आणलं, आणि त्यातलं निदान दोन वर्षांचं वजन खोटं निघालं. राग आला होता. दोन दिवस होता. मग असं लक्षात आलं की नापास झाल्याचं सांगायचं तुला जड गेलं, आणि ते तू मला आता सांगितलंस, तेही लाल पेन्सिलीने. तू कधी स्वतःच्या चुकीला लाल रेघ मारल्याचं मी पाहिलं नव्हतं.

आता माझं अपूर्ण कारण.

चोवीस मे. इथल्या मुलाखतीचा दिवस. मी एकटी जाते म्हटलं तर तू म्हणालीस, "एवढ्या लांब एकटी? आणि दाखवायला काही नको का?" पत्र्याची नळी घेऊन आलीस, त्यात तुझी सर्वांत चांगली सहा ट्रेसिंगं. बाहेरच्या खोलीत आपल्याशिवाय दोन मुलगे होते आणि टेबलाशी नावं लिहून घेणारी बाई. तू नळी उघडलीस. गिअरबॉक्सचा तो छेद, ज्यावर तू सात आठवडे बसली होतीस, त्या मुलांपुढे धरलास आणि म्हणालीस, "बघा, हाताने काढलंय. एकसुद्धा ओळ फुटलेली नाही."

एक मुलगा म्हणाला, "मावशी, हे संग्रहालयाला द्या. तिकीट लावतील." दुसरा हसला. तूसुद्धा हसलीस. म्हणालीस, "तिकिटाचे अर्धे मला."

तेव्हा टेबलाशी बसलेल्या बाईने मला विचारलं, "या कोण तुमच्या?"

मी म्हणाले, "ओळखीच्या आहेत. सोबत आल्यात."

हे मी चार वर्षं आठ महिने कुठेही लिहिलेलं नाही. तू तेव्हा ट्रेसिंग गुंडाळत होतीस, पाठ माझ्याकडे होती. तू ऐकलंस की नाही हे मला माहीत नाही. परतीच्या प्रवासात तू खिडकीची जागा मला दिलीस आणि सगळ्या रस्त्यावर एक शब्द बोलली नाहीस, पण तुला बसमध्ये मळमळतं, म्हणून मी त्यावरून निष्कर्ष काढला नाही. काढायचा टाळला.

तुला मोकळं करायचं होतं हे खरं आहे. ते अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं, की मला अशा जागी जायचं होतं जिथे मला कोणाची भाची म्हणून ओळखत नाहीत. तुझ्या कार्यालयात मी जन्मभर 'डावखुऱ्या बाईंची भाची' झाले असते. आणि आता लिहितेच आहे तर : मला तुझी लाज वाटली होती. त्या हसण्याची नाही. त्या ट्रेसिंगची. जे मला बाराव्या वर्षी जगातलं सर्वांत सुंदर काम वाटायचं, ते त्या खोलीत जुनं दिसलं, आणि मी त्याच्या बाजूने उभी राहिले नाही.

तुझ्या अक्षरात 'आवश्यकता नाही' लिहिलं, कारण माझ्या अक्षरात लिहायचं धैर्य नव्हतं. तुझ्याच हाताने लिहिल्यासारखं दिसलं की माझी जबाबदारी राहत नव्हती. ड्रॉईंगच्या कामात याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. पट्टीसाहेबांनी एका ट्रेसरला याच कारणासाठी घरी पाठवलं होतं आणि तू म्हणाली होतीस, "बरं केलं. चूक सुधारता येते. खोटी सही सुधारता येत नाही."

पूर्ण करून सादर.

— भाची


८ मार्च

आत्या,

तिसरं पत्रही परत आलं. पंचवीस दिवस लागले. या वेळी पाकीट नवीन आहे.

एकच खूण. 'तू ऐकलंस की नाही हे मला माहीत नाही' याच्या बाजूला : *ऐकलं.*

शेवटी : *तपासले.* त्यापुढे 'दुरुस्त करून पुन्हा सादर करावे' नाही. तारीख आणि सही आहे. मी ती उजेडात धरून बघितली. ठिपका डावीकडे आहे.

आणि पाकिटात चौथ्या घडीत एक छोटा कागद, पेन्सिलीने, काळ्या : पंधराव्या ते अठराव्या वर्षाच्या ओळी. मी मागितल्या होत्या त्या. 'तू' हा रकाना जसाच्या तसा उतरवलेला. 'मी' हा रकाना आखलाय, पण कोरा.

त्या कोऱ्या रकान्याचं काय करायचं याचा मी दिवसभर विचार केला. आता सरळ मुद्द्यावर येते.

कंपनीने फॉर्मसोबत मला पुढचं सांगितलं आहे. दोन वर्षांनी गटप्रमुख, पाच वर्षांनी केंद्रप्रमुख. केंद्र इथून आणखी लांब आहे, समुद्र ओलांडून. सही केली की पाच वर्षं बांधील. चांगली संधी आहे, सगळे म्हणतात. मलाही मान्य आहे. फॉर्म द्यायची शेवटची तारीख एकतीस मार्च.

दुसरी बाजू. आमच्याकडे लहान लहान कारखान्यांतून नाकारलेले भाग मोजायला येतात. गेल्या वर्षी मी दोनशे बारा भाग मोजले. त्यातले एकशे एकतीस ड्रॉईंगप्रमाणे बरोबर होते. ड्रॉईंगच चूक होतं. छिद्र आहे तिथे हत्यार पोचत नाही, दोन मापं एकमेकांशी भांडतात, किंवा एक माप मुळात दिलेलंच नाही. एक कारखानदार माझ्या टेबलावर भाग आपटून म्हणाला, "ताई, हे काढणाऱ्याच्या हातात एकदा कानस द्या आणि उभा करा त्याला आठ तास!" आता संगणकावर ड्रॉईंग सगळेच काढतात. तपासत कोणीच नाही. चेकर नावाची जागाच उरलेली नाही. तू ज्या खुर्चीवरून निवृत्त झालीस ती खुर्ची तुझ्यामागे विकून टाकली, असं बाबा म्हणाले.

ते भाग बघताना माझं नेहमी असं होतं : मी मोजते, सगळं मोजते, आणि चूक शेवटी सापडते. तू कागद टेबलावर पसरायच्या आतच म्हणायचीस, "इथे काहीतरी नडतंय." आणि तिथेच असायचं. ते मला जमत नाही. तू नापास झालीस ती परीक्षा कशाची होती मला माहीत नाही, पण याची नसणार.

इथे कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक खोली रिकामी आहे. मी मोजून आले. चार मीटर वीस बाय तीन मीटर दहा. एकच खिडकी, उत्तरेला, दीड मीटर रुंद, खालची चौकट कमरेच्या उंचीवर. दुपारी चारपर्यंत उजेड हलत नाही. दोन टेबलं समोरासमोर मावतात, मध्ये नव्वद सेंटिमीटर उरतात. दुकानदाराने विचारलं, "एकट्याच बसणार का?" मी म्हणाले, "ठरलेलं नाही." तो म्हणाला, "मग ठरवून या. चावी काय, मी कितीही बनवून देतो."

तीन कारखान्यांनी काम देतो असं लिहून दिलं आहे. पहिलं वर्ष ओढाताणीचं जाईल. बाबा म्हणाले तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. भिंगाचा दिवा टेबलाला बसवता येतो. मी बघून ठेवला आहे.

सोबत एक कागद आहे. ट्रेसिंगचा, शोधावा लागला. त्यावर फक्त विसावी ओळ आणि रिव्हिजनचा तक्ता आहे. तेरावी नोंद मी लिहिली आहे, माझ्या अक्षरात, आणि ते बघशील तर लक्षात येईल की मला माझं अक्षर फारसं चांगलं येत नाही.

बदल : बारावी नोंद रद्द. मूळ ओळ कायम. स्वतःचं कार्यालय. दोन टेबलं, एक खिडकी. दोन वर्षं आधी.

कारण : बारावी नोंद एकीच्याच सहीची होती. दुसरी सही खोटी होती.

तारीख घातली आहे. माझी सही केली आहे. तुझा चौकोन रिकामा आहे, त्याला मी हात लावलेला नाही.

तुझा कोरा रकाना मी भरलेला नाही. तो माझ्यावरून मोजू नकोस. तुला वर्तमानपत्रातल्याच चुका काढायच्या असतील, बाबांच्या यादीवरच लाल रेघा मारायच्या असतील, तर तसं लिही. ते खरं कारण असेल तर मी ते जसंच्या तसं तक्त्यात घेईन. नाही म्हणालीस तर मी खोली सोडेन आणि फॉर्म भरून समुद्रापलीकडे जाईन. एका टेबलाची खोली मला घ्यायची नाही, हे माझं माप आहे आणि ते मी माझ्याच रेषेवरून घेतलं आहे.

तो मुलगा, संग्रहालयवाला, आता आमच्याच विभागात आहे. गेल्या महिन्यात त्याचं एक ड्रॉईंग माझ्याकडे आलं होतं. दोन मापं भांडत होती. मी लाल पेन्सिलीने गोल करून बाजूला लिहिलं, *दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.* तो विचारायला आला, "ही पद्धत कुठली?" मी म्हणाले, "माझ्या आत्याची." तो म्हणाला, "त्या मुलाखतीच्या दिवशी आलेल्या? तुम्ही तर म्हणाला होतात..." मी म्हणाले, "चुकीचं म्हणाले होते."

सव्वासातची बस इकडून तिकडे जाते तशी तिकडून इकडेही येते. मी वेळापत्रक बघितलं. इथे ती फलाट २ वर लागते. पाण्याची टाकी इथेही आहे, पण तिच्यामागे उभं राहायला जागा नाही. समोरच उभं राहावं लागतं.

सही कर किंवा लाल रेघ मार, दोन्ही चालेल. फक्त कोरं परत पाठवू नकोस.

अठ्ठावीस मार्चपर्यंत उत्तर पाठव.

— तुझी भाची